साडेचार लिटर कडक एल, एका पातेल्यात

घरी बिअर करायला लागलेला माणूस साधारण वीस-तेवीस लिटरच्या बॅचपासून सुरू करतो, साधी चार-साडेचार टक्क्यांची काहीतरी करतो, आणि स्ट्राँग एल म्हणजे आठ-नऊ टक्केवाली, जाड, मुरायला ठेवायची बिअर ही "नंतर बघू, सगळं सामान आलं की" म्हणून बाजूला टाकतो. मी पण तेच केलं. पण खरं सांगायचं तर लहान बॅच आणि कडक एल यांची जोडी जमलेली आहे, मोठ्या बॅचला जे जे नडतं ते छोट्या बॅचला नडतच नाही. वीस लिटर कडक एल करायची तर सात-आठ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) लागतं, ते मावेल एवढं भांडं कोणाच्या घरात नसतं, आणि यीस्टची दोन-तीन पाकिटं तरी लागतात. साडेचार लिटरला पावणेदोन किलोत काम होतं, घरातलं दहा लिटरचं पातेलं पुरतं, एक पाकीट यीस्ट भरपूर होतं. आणि शेवटी बारा छोट्या बाटल्या मिळतात. ८.५ टक्क्यांची ३३० मिलीची एक बाटली म्हणजे इथल्या, इंग्लंडमधल्या हिशोबाने २.८ युनिट (एक युनिट म्हणजे दहा मिली शुद्ध अल्कोहोल), रोज कोण पिणार आहे, बारा बाटल्या वर्षभर जातात.

आधी कायद्याचं. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे १९६३ पर्यंत घरी बिअर करायला लायसन्स लागायचं, ते त्या वर्षीच्या बजेटमध्ये रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने काढून टाकलं, तेव्हापासून स्वतःच्या घरासाठी कितीही करा, फक्त विकायची नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्राच्या पातळीवर परवानगी मिळाली, पण राज्याराज्याचे नियम बघायचे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरी दारू बनवणं हा गुन्हा आहे, बिअर म्हटलं म्हणून सूट नाही. त्यामुळे पुण्या-नाशकातल्या मित्रांनो, वाचा, मजा घ्या, करून बघू नका. आणि इथेही फक्त आंबवायचंय, गाळायचं म्हणजे भट्टी लावायची नाही, ते वेगळंच प्रकरण आहे.

सामान काय लागतं

दहा लिटरचं स्टीलचं पातेलं. दुसरं एक चार-पाच लिटरचं भांडं, कुठलंही. जाळीची पिशवी: पातळ नेटच्या पडद्याचं कापड शिवून घेतलं तरी चालतं, पातेल्याच्या तोंडावर उलटी दुमडता येईल एवढी मोठी. श्रीखंडाचा चक्का टांगायचं मलमलचं फडकं वापरायचा मोह होईल, मी वापरलं, नका वापरू, बारीक विणीतून पाणी उतरता उतरत नाही. किचनचा डिजिटल थर्मामीटर. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यापेक्षा द्रव किती जड आहे ते दाखवणारी काचेची तरंगणारी नळी, ही मात्र घ्याच, हिच्याशिवाय कडक एल करणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. दहा लिटरची झाकणाची फूड-ग्रेड बादली, झाकणाला एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी छोटी झडप) बसवायचं भोक. बाटलीत भरायला सायफनची नळी, तिच्या टोकाला शक्यतो स्प्रिंगवाली भरणनळी. बारा ब्राऊन बाटल्या, क्राऊन कॅप, कॅप लावायचं हत्यार. बाटल्या विकत घेऊ नका, दुकानातल्या बिअरच्या पिऊन झालेल्या ठेवा, फक्त झाकण फिरवून उघडायच्या नकोत. आणि ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. गॅसची साधी शेगडी चालते, इंडक्शन तर उत्तम.

साफसफाईसाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि नवीन लोक इथेच गडबड करतात. एक धुण्यासाठी, सोडियम परकार्बोनेट, इथे कपड्यांच्या डागांसाठी मिळतं ते बिनवासाचं. दुसरं जंतू मारण्यासाठी, स्टार सॅनसारखं नो-रिन्स सॅनिटायझर, लिटरला दीड मिलीच्या आसपास, फेस राहिला तरी धुवायचं नाही. घाण असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग नाही, आधी घासा मग सोवळं करा. वर्ट (माल्टमधून काढलेलं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) उकळून झाल्यावर त्याला जे जे लागणार, चमचा, नळी, बादली, झाकण, तुमचे हात, ते सगळं या दुसऱ्या पाण्यातून गेलं पाहिजे. उकळण्याआधीच्या भांड्यांना एवढं लाड करायची गरज नाही, उकळीत सगळं मरतंच.

माल काय

मॅरिस ऑटर पेल माल्ट १.६ किलो, मध्यम रंगाचं क्रिस्टल माल्ट १०० ग्रॅम, वाळवलेलं माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे डीएमई २०० ग्रॅम. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं) ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे ३५ ग्रॅम. यीस्ट नॉटिंगहॅमचं ११ ग्रॅमचं पाकीट. यीस्ट न्यूट्रिएंट अर्धा टीस्पून. बास.

माल्ट म्हणजे काय हे आपल्याला वेगळं शिकवायला नको खरंतर, नाचणीचं सत्व करताना नाचणी भिजवून मोड आणून वाळवतो ना, तेच सातूचं केलं की माल्ट. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, आणि ते गरम पाण्यात स्टार्चची साखर करतात. माल्ट दुकानातूनच भरडून मागवा. मिक्सरला लावू नका, पीठ झालं की पातेल्यात लापशी होते आणि पिशवीतून काही गळत नाही. दाणा फुटलेला हवा, फोलपट शाबूत हवं, जाडसर कण्यांसारखं.

डीएमई कशाला तर लहान पातेल्यात एवढं जड वर्ट फक्त धान्यातून काढायला गेलं की धान्यातली साखर धान्यातच राहते. जेवढं धान्य जास्त तेवढं पाणी शोषलं जातं आणि धुवायला पाणी कमी उरतं. काही लोक डीएमई घालणं कमीपणाचं मानतात, मानू देत.

यीस्ट मुद्दाम नॉटिंगहॅम म्हणतोय. ते चौदा टक्क्यांपर्यंतचं अल्कोहोल सहन करतं, वास फार मारत नाही आणि तळाला घट्ट बसतं. लिक्विड यीस्टच्या मागे पहिल्या चार-पाच बॅच तरी लागू नका.

मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवणं

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं आणि ते माल्टबरोबर मिळालं की बिअरला दवाखान्याच्या बँडेजसारखा वास येतो, माझी पहिली अख्खी बॅच त्यापायी सिंकमध्ये गेली. उपाय फालतू सोपा आहे, कॅम्पडेनची गोळी, एक गोळी सत्तर-पंचाहत्तर लिटरला पुरते, म्हणजे आपल्या आठ लिटरला सुरीने पाव तुकडा पाडून चुरून टाकला की झालं, जास्तच झालं पण चालतं. आमच्याकडचं पाणी मऊ आहे म्हणून मी दोन ग्रॅम जिप्समही टाकतो. बर्टन अपॉन ट्रेंट गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, तिथली एल नावाजली त्यात या पाण्याचा मोठा हात होता. तुमचं पाणी आधीच जड असेल तर सोडून द्या.

साडेपाच लिटर पाणी ७१ अंशांवर आणा, गॅस बंद, पिशवी आत लावा, आणि माल्ट थोडं थोडं ओतत ढवळा, शिऱ्याला रवा सोडतो तसं, गुठळ्या झाल्या तर त्या मोडून काढा कारण गुठळीच्या पोटातलं पीठ कोरडंच राहतं. तापमान उतरून ६५ च्या आसपास स्थिरावेल. एखाद अंश इकडे तिकडे चालतो. ६८-६९ ला गेलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त होते, आणि कडक एल मुळातच गोडसर, अजून गोड झाली की काकवी प्यायल्यासारखं होतं, म्हणून ६५ च धरा. झाकण ठेवा, पातेलं गोधडीत गुंडाळा. खरंच गोधडीत, आईने दिलेली जुनी गोधडी मी याच कामाला ठेवलीये, तासाभरात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतरत नाही. पाऊण तासाने एकदा ढवळून घ्या, एकूण सव्वा तास ठेवा. साध्या बिअरला तास पुरतो, इथे पाणी कमी आणि धान्य जास्त आहे म्हणून पंधरा मिनिटं वर.

तेवढ्यात दुसऱ्या भांड्यात अडीच लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापवून ठेवा. सव्वा तास झाला की पिशवी उचला, गळू द्या, मग ती दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात बुडवून दहा मिनिटं हलवत राहा, परत उचला, आणि ओव्हनच्या जाळीवर नाहीतर मोठ्या चाळणीत ठेवून वरून ताटलीने दाबा. चांगली दाबा. पिशवी पिळली की तुरटपणा येतो असं जुनी मंडळी सांगतात, मला कधी जाणवला नाही. दोन्ही पाणी एकत्र केलं की साधारण साडेसहा-पावणेसात लिटर भरतं. चाखून बघा, सातूच्या पिठात गूळ कालवल्यासारखं लागतं.

उरलेला चोथा लगेच टाकू नका. पूर्वी इथे याच धान्यातून पहिलं जड पाणी कडक एलला आणि नंतरचं हलकं पाणी रोजच्या पिण्याच्या हलक्या बिअरला जायचं. तुम्हाला हुरूप असेल तर अजून दोन लिटर गरम पाण्यात खळबळून वेगळं उकळून बघा. मी तेवढा उत्साही नाही, मी चोथा ओव्हनमध्ये वाळवतो आणि मूठभर थालीपिठाच्या भाजणीत ढकलतो, कुरकुरीत लागतं.

उकळणं

मोठ्या आचेवर ठेवा आणि पहिली दहा मिनिटं तिथून हलू नका. उकळी फुटताना दुधासारखंच उतू येतं, फक्त दूध पुसता येतं आणि हे शेगडीवर चिकटून कारमेल होतं. फेस बसला की हॉप्स २५ ग्रॅम टाका आणि घड्याळ लावा, एक तास. हॉप्स एवढे जास्त का वाटतायत तर जड वर्टमध्ये कडवटपणा कमी उतरतो, आणि इतक्या गोडव्याला तोल सांभाळायला तो लागतोच. झाकण ठेवायचं नाही, उघडंच उकळायचं, नकोसे वास वाफेबरोबर जाऊ द्यायचे, आणि खिडकी उघडा नाहीतर घरभर वास राहतो. मला आवडतो, घरातल्या बाकीच्यांचं मत वेगळं आहे.

शेवटची पंधरा मिनिटं उरली की गॅस बंद करून डीएमई टाका. वाफेत ते हातात असतानाच दगडासारखं घट्ट होतं म्हणून पाकीट पातेल्यावर धरून उभे राहू नका, आधी कोरड्या वाटीत काढा, एकदम ओता, व्हिस्कने फेटा, मग परत आच. दहा मिनिटं उरली की न्यूट्रिएंट आणि बाकीचे १० ग्रॅम हॉप्स. तासानंतर पातेल्यात पावणेपाच लिटरच्या आसपास राहिलं पाहिजे. शेगडीप्रमाणे यात फरक पडतो, पहिल्यांदा लाकडी चमच्याला उभा धरून पाण्याच्या पातळीच्या खुणा करून ठेवा म्हणजे अंदाज येतो. कमी उरलं तर उकळलेलं पाणी घाला, जास्त उरलं तर अजून दहा मिनिटं उकळा.

थंड करायला चिलर वगैरे काही नको, हाही लहान बॅचचाच फायदा. सिंकमध्ये बूच लावून गार पाणी भरा, झाकलेलं पातेलं त्यात ठेवा, पाणी कोमट झालं की बदला, तिसऱ्या वेळी बर्फ टाका. अर्ध्या-पाऊण तासात वीस अंशांच्या खाली येतं. सिंकचं पाणी आत उडणार नाही एवढं बघा.

बादलीत ओता, उंचावरून, फेस काढत, चहावाला चहा ओढतो तसं. या एकाच वेळी हवा मिसळलेली चालते, नुसती चालत नाही, हवीच असते, कारण यीस्टला वाढायला ऑक्सिजन लागतो. हायड्रोमीटरची नळी भरून रीडिंग घ्या: १.०८५ च्या आसपास आलं पाहिजे. १.०७८ आलं तरी रडायचं नाही, साडेसात टक्क्यांची होईल. लिहून ठेवा, वहीतच.

यीस्ट

इथे खरी कडक एल होते किंवा बिघडते, बाकीचं सगळं स्वयंपाक आहे. जड वर्टमध्ये यीस्ट टाकणं म्हणजे त्याला साखरेच्या पाकात ढकलणं, त्यामुळे या एका बाबतीत मी कोरडं वरून भुरभुरवत नाही. उकळून तीस-बत्तीस अंशांपर्यंत निवलेलं शंभर-सव्वाशे मिली पाणी घ्या, सॅनिटाइझ केलेल्या भांड्यात, त्यावर अख्खं पाकीट पसरा, पंधरा मिनिटांनी हलकेच ढवळा, मग वर्टचे दोन-तीन चमचे घालून पाच मिनिटं थांबा म्हणजे थंड वर्टचा धक्का बसत नाही, आणि टाका. अख्खं पाकीट. अर्धं ठेवून देऊ का, पैसे वाचतील, असं वाटतं, वाचवू नका.

मग तापमान. पहिले चार दिवस १७-१८ अंश, १९ च्या वर नको. आंबताना बादली स्वतः गरम होते, खोलीपेक्षा तीन-चार अंश वर सहज जाते, म्हणजे खोली बावीसची असेल तर आत पंचवीस-सव्वीस. अशा गरमीत जड वर्टमध्ये यीस्ट भराभर पळतं आणि जळजळीत, नेलपॉलिश रिमूव्हरसारखे वास सोडतं, ते वर्षभर मुरवलं तरी पूर्ण जात नाहीत. फ्रिज-बिज लागत नाही. मोठ्या टबात पाणी भरा, बादली त्यात ठेवा, वर जुना टी-शर्ट घालून त्याची कडा पाण्यात सोडा, माठासारखं ओलं फडकं गारवा धरतं. उकाडा असेल तर सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या टबात टाका. हिवाळ्यात इथल्या घरात काहीच करावं लागत नाही, म्हणून मी ही बिअर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करतो. तशीही इंग्लंडमधली ठेवणीतली बिअर ऑक्टोबरचीच असायची, आणि लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा बिअर बनवणारा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर जी पिंपं चढवायचा ती याच जातीची, आपल्या मुंबईच्या धक्क्यावर उतरायची.

बादली दहा लिटरची का सांगितली ते दुसऱ्या दिवशी कळतं. फेस भयानक चढतो. मी एकदा साडेचार लिटरच्या डेमीजॉनमध्ये, म्हणजे अरुंद गळ्याच्या काचेच्या बरणीत, गळ्यापर्यंत भरून ठेवलं होतं, रात्री एअरलॉक उडाला आणि सकाळी घरमालकाच्या पांढऱ्या सीलिंगवर ब्राऊन नकाशा, डिपॉझिट जायच्या भीतीने मी स्वतः रंग आणून लावला.

पाचव्या दिवसापासून टबातून काढून २०-२१ अंशांना येऊ द्या, शेवटची साखर खायला यीस्टला थोडी ऊब लागते. झाकण उघडून बघायचा चाळा नको. एकूण तीन आठवडे. मग रीडिंग, तीन दिवसांनी परत रीडिंग. दोन्ही सारखे आणि १.०२० च्या आसपास असतील तर झालं. दोन रीडिंगमधली वजाबाकी गुणिले १३१ केली की टक्के निघतात, ०.०६५ गुणिले १३१ म्हणजे साडेआठ.

१.०३५ ला अडकलं तर? घाबरून साखर किंवा नवीन पाकीट ओतू नका. ऊबदार जागी ठेवा, बादली हळूच गोल हलवून तळातलं यीस्ट उठवा, आठवडाभर थांबा. बहुतेक वेळा चालू होतं. अडकलेली बिअर बाटलीत भरायची नाही म्हणजे नाही, उरलेली साखर बाटलीत आंबली की काच फुटते, आणि काचेचे तुकडे लांब जातात.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या भांड्यात काढून महिनोन्महिने मुरवा असं जुन्या पुस्तकांत असतं. चार लिटरला ते करू नका. लहान भांड्यात द्रवाच्या मानाने हवेला लागणारा पृष्ठभाग जास्त, प्रत्येक वेळी नळी लावली की हवा जाते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. सरळ बाटलीत भरा, मुरायचं ते बाटलीतच मुरू द्या.

बाटली

बादली आदल्या रात्री ओट्यावर ठेवून द्या, हलवलेला गाळ बसतो. प्रत्येक ३३० मिलीच्या बाटलीत साधी साखर दीड ग्रॅम, वजन करून, चमच्याच्या अंदाजाने नाही. हलका फेस येतो, कडक एलला तेवढाच शोभतो. सायफन तोंडाने ओढून सुरू करू नका, नळी सॅनिटायझरने भरून सुरू करा. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी, खळखळ न करता, वर दोन बोटं जागा, कॅप. तळाच्या गाळापाशी लोभ सोडा. बारा होतात, कधी अकरा.

तीन-चार आठवडे वीस अंशांच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या, खोकं बंद. एक उघडून फेस बघा. तेव्हा ती चांगली लागणार नाही, अल्कोहोल वेगळं लागेल, कडवटपणा वेगळा, गोडवा वेगळा, कोणाचं कोणाशी पटत नसल्यासारखं. बाकीच्या जिन्याखालच्या कपाटात, गार आणि अंधाऱ्या जागी. दुसरी तिसऱ्या महिन्यात, तिसरी सहाव्यात, प्रत्येकीची दोन ओळी नोंद. माझ्याकडे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात खजूर-मनुकांसारखा वास यायला लागतो आणि हॉप्स मागे सरकतात.

फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका, बारा-तेरा अंशांना येऊ द्या, ग्लास कलता धरून एका दमात ओता आणि तळाचं बोटभर बाटलीतच सोडा. मग बाटली लगेच विसळून ठेवा, वाळलेलं यीस्ट निघता निघत नाही आणि पुढच्या ऑक्टोबरला तीच बाटली लागणार आहे.